पानं वीस ते बत्तीस

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी ब्रश धूत होते आणि स्वतःवर जाम खूश होते. कारणही तसंच होतं. अकरा वर्षं डोक्यात घोळत असलेलं माझं पुस्तक, बत्तीस पानांचं, एकही शब्द नसलेलं, नुसत्या चित्रांचं, चार दिवसांपूर्वी एकदाचं त्यांच्याकडे पोचलं होतं.

"चित्रं पाहिली," त्या म्हणाल्या. "सुंदर आहेत. पण एक विचारू का? एकोणिसाव्या पानापर्यंतची बाई आणि विसाव्यापासूनची बाई, या दोघी वेगळ्या आहेत का?"

"दोघी कुठून आल्या? एकच बाई आहे पुस्तकभर."

"तेच म्हणतेय मी. मुलांना वाचायला शब्द नाहीत. त्यांना वाटेल, आई कुठेतरी गेली आणि मावशी येऊन बसली." त्या हसल्या. मी हसले नाही. "एकदा सगळी पानं शेजारीशेजारी लावून बघा. शेवटची तेरा पुन्हा करावी लागतील असं मला वाटतं. महिनाअखेरपर्यंत द्या, म्हणजे याच वर्षी छापू. फक्त तिसऱ्यांदा मुदत मागू नका."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवीस वर्षं चित्रं काढतेय मी. पाठ्यपुस्तकांसाठी बेडकाच्या आतड्यांपासून ते रस्ता ओलांडणाऱ्या आदर्श मुलापर्यंत काय म्हणाल ते काढलंय. त्या मुलाला मी इतक्यांदा रस्ता ओलांडायला लावलाय की खरा असता तर एव्हाना निवृत्त झाला असता. आणि मला सांगतात, एक बाई तुम्हाला धड सारखी काढता येत नाही!

पण माझं पुस्तक म्हटलं की माझं घोडं कुठे ना कुठे पेंड खातंच, हेही खरं. एका वर्षी घराला रंग द्यायचा होता. एका वर्षी मनगट दुखत होतं. मग विज्ञानाची तीन पुस्तकं आली, मग डोळ्यांचा नंबर बदलला. दर नव्या वर्षी मी नवी वही आणून पहिल्या पानावर 'यंदा नक्की' असं लिहायची. अशा नऊ वह्या कपाटात आहेत. त्यांत वाणसामानाच्या याद्या लिहिल्यात.

पुस्तकातली बाई म्हणजे माझी आत्या. मी नऊ वर्षांची असल्यापासून तिच्याकडे आहे, आणि आता सत्तेचाळीस वर्षांची घोडी झाले तरी तिच्याकडेच आहे. तिने जन्मभर शाळेचे गणवेश शिवले. पुढच्या खोलीत तिचं मशीन, कापड बेतायचं लांब टेबल आणि खिडकी. गडद निळं कापड टेबलावर पसरलं की मी तिचा खडू पळवून त्यावर चित्रं काढायची. ती ओरडायची, मग हाताने पुसून टाकायची, पण पुसण्याआधी क्षणभर बघायची. तेव्हापासून मला 'रेघोटी' म्हणते. माझं खरं नाव तिला आठवत असेल की नाही, शंकाच आहे.

पुस्तकाची कल्पना त्या टेबलावरच सुचली. एक बाई खिडकीत बसून लांबच लांब निळं कापड शिवते. ते कापड खिडकीतून खाली उतरतं, गल्लीत जातं, कुठे कुणाचं छप्पर होतं, कुठे होडीचं शीड, कुठे दमलेल्या मुलांचा झोपाळा. बाई मात्र जागची हलत नाही. शिवत राहते. बत्तीस पानांत तीच फक्त तशीच राहायला हवी, आणि नेमकी तीच बदलली म्हणे.

आता एक कबुली देते. कुठलाही चित्रकार असं पुस्तक करताना आधी पात्राचा एक नमुना कागद करतो. समोरून, बाजूने, पाठीमागून, बसलेलं, उभं. गाल केवढे, खांदे केवढे, सगळं ठरवून भिंतीला लावायचं आणि दर पानाला त्याच्याशी ताडून बघायचं. शिकाऊ पोरंसुद्धा करतात. मी केला नव्हता. कशाला करू? माझं माणूस समोर बसलेलं होतं. रोज सकाळी दहा ते अकरा आत्या खिडकीत शिवत बसायची आणि मी समोर तिला काढत बसायचे. मला वाटायचं, याहून पक्का नमुना कुठला असणार!

त्या दिवशी आत्या भाजी आणायला गेली होती. मी टेबल भिंतीला सरकवलं आणि मूळ चित्रं जमिनीवर मांडली, आठ आठच्या चार ओळी. मग स्टुलावर चढून उभी राहिले. संपादकबाईंना काय सुनवायचं याची वाक्यं मनात जुळवतच चढले होते.

पहिल्या ओळीतली बाई भरलेल्या गालांची होती. खुर्ची पुरी व्यापून बसलेली. दुसऱ्या ओळीतही तीच. तिसऱ्या ओळीत, एकोणिसाव्या पानानंतर, खुर्चीचा हात दिसायला लागला होता, जो आधी तिच्या कमरेमागे झाकलेला असायचा. विसाव्या पानावर मानेच्या शिरा होत्या. पंचविसाव्यावर मनगटाचं हाड वर आलेलं. चौथ्या ओळीतली बाई खुर्चीच्या एका कडेला बसली होती आणि उरलेल्या जागेत सहज एक मूल मावलं असतं. शेवटच्या पानावर तिचे डोळे मोठे झाले होते. डोळे कधी मोठे होत नाहीत, भोवतालचा चेहरा लहान होतो. हे मला कळतं, ते माझं काम आहे.

 मी चुकीचं काढलंच नव्हतं. मी दिसेल ते काढलं होतं.

हाताला दिसत होतं आणि मला दिसत नव्हतं, असं कसं झालं? रोज तास तास बघत होते मी तिच्याकडे. नाक कुठे, सावली कुठे, बोटं कशी वळलीत, सगळं. पण ही बाई बरी आहे का, हे बघायचं राहून गेलं. आणि एक गोष्ट मला अजूनही पटेना. माणूस वाळलं की कपडे आधी चुगली करतात. आत्याचे झगे तर तिच्या अंगावर कायम जिथल्या तिथे बसलेले.

मी मागच्या गॅलरीत गेले. दोरीवर तिचा करडा झगा वाळत होता. तो उलटा केला. बगलेखालून कमरेपर्यंत शिवणीच्या आत तीन टिपा होत्या, एकीच्या आत एक, समांतर. पहिलीचा दोरा धुऊन धुऊन फिका झालेला. दुसरीचा जरा कमी. तिसरीचा दोरा कोरा होता. दुसरा झगा बघितला, तिसरा बघितला. सगळ्यांना तीन तीन टिपा. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेणारी ही बाई स्वतः घटत होती आणि दर वेळी कपडे आत घेऊन मोकळी होत होती. कुणाला पत्ता लागू नये म्हणून. कुणाला म्हणजे, घरात मी सोडून आहे कोण!

आत्या आली तेव्हा मी दारातच उभी होते, हातात झगा घेऊन.

"हे काय आहे?"

तिने झग्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, मग पिशवी खाली ठेवली. "झगा आहे. डोळे तपासून घे पुन्हा."

"आत्या, थट्टा नको. किती दिवस चाललंय हे?"

"ओरडू नकोस. शेजारी जमतील."

"जमू देत! तिकीट लावू आपण!"

ती आत येऊन खुर्चीवर बसली. जमिनीवर मांडलेली पानं तिला दिसली. ती ओळीने बघत गेली आणि चौथ्या ओळीशी थांबली. 

"एवढं दिसतं होय," ती म्हणाली. "मला वाटलं, मी झाकलंय."

मग हळूहळू सांगितलं. डिसेंबरपासून दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटायचं. जानेवारीत एकटीच जाऊन तपासण्या करून आली. पोटात गाठ आहे. डॉक्टरांच्या मते साधी असावी, पण वाढतेय, पोटावर दाब देतेय, काढल्यावरच काय ते नक्की कळेल. ऑपरेशनची तारीख जुलैच्या चार तारखेची आहे. हे सगळं तिने कोपऱ्यावरच्या दुकानात बटणं मिळाली नाहीत म्हणून सांगावं तशा आवाजात सांगितलं.

"आणि मला केव्हा सांगणार होतीस? टाके घातल्यावर?"

"तुझं पुस्तक छापायला गेलं की."

"पुस्तकाचा काय संबंध?"

"रेघोटे, तुला मी आजची ओळखते का? मी आजारी म्हटलं असतं की तू दुसऱ्या दिवशी रंगांचा डबा माळ्यावर टाकला असतास. आणि जगाला सांगत फिरली असतीस, काय करू, आत्याचं दुखणं निघालं. अकरा वर्षांत घराचा रंग झाला, मनगट झालं, चष्मा झाला. मला नव्हतं जमा व्हायचं त्या यादीत."

मला रडू आलं, राग आला, दोन्ही एकदम आलं. खोटं काय होतं त्यात? मी नक्की तेच केलं असतं, आणि वर स्वतःच्या त्यागाचं कौतुकही केलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी दवाखान्यात गेले. तारीख अलीकडे मिळते का ते बघायचं होतं. खिडकीतल्या कारकुनाने फाईल उघडली, चष्मा वर केला.

"अलीकडे? यांनी तर दोनदा पुढे ढकलून घेतलीय."

"काय?"

"हे बघा ना. पहिली तारीख चार मार्च. ती बदलून एकवीस एप्रिल. ती बदलून चार जुलै. दोन्ही वेळा पेशंटच्या विनंतीवरून."

आत्या भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र अगदी मन लावून बघत होती.

मी मनात तारखा लावल्या. माझं पुस्तक आधी फेब्रुवारीअखेर द्यायचं होतं. मी एकोणिसाव्या पानाशी अडले. कापडाचा निळा रंग मनासारखा लागत नव्हता, म्हणून सात आठवडे ब्रशाला हात लावला नाही आणि मुदत मागून घेतली, पंधरा एप्रिलपर्यंत. मग सव्विसाव्या पानानंतर पुन्हा ढेपाळले. मला वाटायला लागलं की हे पुस्तक काही खास नाही, कशाला करायचं! पुन्हा मुदत मागितली, जूनअखेर. तेव्हा मी आरामात दुपारची झोपत होते. घरी येऊन आत्याला म्हणाले होते, "मिळाली बाई मुदत, जीव भांड्यात पडला." आणि ती म्हणाली होती, "बरं झालं." आणि दुसऱ्या दिवशी इथे या खिडकीशी येऊन तिने आपलं ऑपरेशन पुढे ढकललं होतं. एका निळ्या रंगासाठी! माझ्या आळसासाठी! मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

डॉक्टरांनी कागद पाहिले, पोट तपासलं. फार बिघडलेलं नाही, पण आता आणखी थांबायचं नाही, म्हणाले. पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली. आठ दिवस हातात होते.

घरी येताच मी म्हणाले, "मी संपादकबाईंना कळवते. पुस्तक राहू दे."

आत्या चप्पल काढत होती. ती तशीच एका पायावर थांबली. "राहू दे? मग मी पाच महिने तोंड शिवून बसले ते कशाला? झक मारायला?"

"अगं, आठ दिवसांत तेरा पानं होतात का? मला एका पानाला चार दिवस लागतात."

"लागतात कुठले! एक दिवस लागतो आणि तीन दिवस तू खिडकीबाहेर बघतेस. मी समोरच असते ना, मला नको सांगूस." तिने दुसरी चप्पल काढली. "आणि आठ दिवस नुसती बसून करणार काय आहेस? माझ्याकडे बघून सुस्कारे सोडणार? बघायचंच आहे तर कामासाठी बघ."

संध्याकाळपर्यंत तिने करड्या झग्याच्या तिन्ही टिपा उसवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो घालून, आत उशा बांधून, ती खिडकीत येऊन बसली. पोटावर एक, पाठीला एक, दंडांना कापसाच्या गुंडाळ्या. "मापात आहे का बघ," म्हणाली. पहिल्या पानाशी ताडून पाहिलं आणि मी थक्क झाले. इंचाचा फरक नव्हता. फक्त चेहऱ्याला उशी बांधता येत नव्हती. तो मला पहिल्या ओळीवरून घ्यावा लागला.

त्या आठ दिवसांत मी जसं काम केलं तसं आयुष्यात केलं नव्हतं. नमुना कागद केला, भिंतीला लावला. सकाळी सातला बसायचं, उजेड असेपर्यंत उठायचं नाही. निळा रंग पहिल्या फटक्यात लागला की नाही बघायलासुद्धा थांबले नाही. आत्या तासाभराने दमायची, मग मी तिला झोपवायची आणि खुर्चीवर नुसता उशा भरलेला झगा ठेवून काढायची. एकदा ती झोपेतून उठून आली, खुर्चीत स्वतःला बसलेलं बघितलं आणि इतकी हसली की तिला धरून पाणी पाजावं लागलं. मीही हसले. पण मनात सारखं तेच चालू होतं, हिला काही झालं तर ते माझ्या चालढकलीमुळे. तिची माफी कशी मागायची, याची वाक्यं मी दिवसभर रंगांबरोबर कालवत होते. एकही नीट जमेना.

बुधवारी दुपारी बत्तिसावं पान वाळलं. तेराही पानं पाठवून दिली. तासाभरात संपादकबाईंचं उत्तर आलं, एकाच शब्दाचं: 'छापतोय'.

ऑपरेशन नीट झालं आणि गाठ साधीच निघाली, हे आधीच सांगून टाकते. कुणाच्या जिवावर गोष्ट ताणत बसणं मला आवडत नाही. मला सांगायचंय ते त्याच्या आधीच्या दहा मिनिटांबद्दल.

गुरुवारी सकाळी ती दवाखान्याच्या हिरव्या अंगरख्यात पलंगावर बसली होती. तो तिच्या मापाचा नव्हता. अंगरख्यात ती केवढीशी दिसत होती, ते मी पहिल्यांदाच पाहिलं. तिने विचारलं, "पानं गेली?"

"गेली. छापायला घेतलंय."

"सगळी?"

"सगळी. आत्या, मला तुला एक सांगायचंय." मी आठ दिवस जुळवलेली वाक्यं काढली. माझ्यामुळे तू तारखा ढकलल्यास, मी नुसता वेळ काढत बसले, तुला काही झालं असतं तर मी स्वतःला कधीच… इतकंच झालं आणि माझा आवाज फुटला.

तिने ऐकून घेतलं. मग माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. तिची बोटं बर्फासारखी गार होती.

"खुळी आहेस," ती म्हणाली. "तुझ्यासाठी केलं असं मीही स्वतःला सांगत होते. पण खरं सांगू? तू पहिली मुदत मागून आलीस ना, त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं की मी देवासमोर हात जोडले. दुसरी मागितलीस तेव्हा तर तुझी दृष्ट काढावीशी वाटली. मला वाटायचं, हे पुस्तक असंच चालू दे. ते संपलं की मला इथे यावं लागणार होतं." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "कारणं काय तुला एकटीलाच लागतात होय? शिकलीस कुणाकडून?"

मी तिची बोटं दोन्ही हातांत चोळत राहिले.

"आता तुझं पुस्तक संपलं," ती म्हणाली. "आणि मला फार भीती वाटतेय गं."

अडतीस वर्षं मी या बाईला बघत आलेय. काढत आलेय. तिला घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.  मी पलंगावर चढले, तिच्या शेजारी बसले आणि तिला दोन्ही हातांनी जवळ घेतलं. तिच्या खांद्याची हाडं माझ्या तळव्यांना लागली.

"मलाही वाटतेय," मी म्हणाले.

परिचारिका स्ट्रेचरची गाडी घेऊन आली तरी आम्ही तशाच बसलो होतो.